मूळ भाषेचा अभ्यास कोणासाठी?

वाचनपाठ : नहेम्या 8:1-12
जोडीला वाचावे : मत्तय 21:28-32, मत्तय 27:3-5, मार्क 4:35-41, लूक 22:31-34



शास्त्राभ्यासाच्या वर्गात एक प्रश्न वरचेवर निघतो. आपल्या हाती मराठी पवित्र शास्त्र आहे. त्याच्या वाचनाने आपले आईवडील तारणाला आले, त्याच्याच आधाराने त्यांनी सुखाने डोळे मिटले. मग इब्री आणि ग्रीक भाषांची उठाठेव आपण कशाला करावी? ती सेमिनरीतल्या गुरुजनांची बाब नव्हे काय?

याच्या अगदी उलट टोकाचे बंधूही भेटतात. एखादी ग्रीक संज्ञा त्यांच्या कानावर पडलेली असते आणि दर पाच मिनिटांनी ते "मूळ भाषेत मात्र असे आहे" म्हणून मंडळीला गप्प करतात. ऐकणाऱ्याला वाटते, आपल्या हातातले पुस्तक अपुरे आहे आणि खरा अर्थ कुलपात असून किल्ली या बंधूंच्या खिशात आहे.

ही दोन्ही टोके टाळायची असतील तर मूळ भाषा शिकायची की नाही, याच्या आधी ती कोणासाठी शिकायची हे ठरवले पाहिजे. या पाठात एकच गोष्ट मांडायची आहे. मूळ भाषेचा अभ्यास फार मोलाचा आहे, पण सतरंजीवर अगदी शेवटी बसलेल्या माणसाला वचन किती कळले, यावरच त्या अभ्यासाचे मोल ठरते.

1. पाणीवेशीपुढील सभा

नहेम्याच्या आठव्या अध्यायात लोक पाणीवेशीपुढच्या चौकात जमले. पुरुष होते, स्त्रिया होत्या, समजू शकतील अशी सगळी होती. एज्रा शास्त्री लाकडी मंचावर उभा राहिला आणि पहाटेपासून दुपारपर्यंत त्याने नियमशास्त्र वाचले. एज्रा विद्वान होता. पण वृत्तांत लिहिणारा त्याच्या विद्वत्तेवर थांबत नाही. तो सांगतो की लेव्यांनी लोकांमध्ये राहून वाचलेल्याचा अर्थ उलगडून दिला.

याची गरज का पडली? लोक बंदिवासातून परतले होते. त्या काळी साम्राज्याच्या कारभाराची आणि बाजाराची भाषा अरामी होती. याच पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात (13:24) नहेम्या सांगतो की काही घरांतल्या मुलांना यहूदाची भाषा बोलता येत नव्हती. म्हणूनच पुष्कळ अभ्यासकांना वाटते की लेव्यांनी त्या दिवशी इब्री वचन अरामीत समजावून सांगितले असावे. सुरतेत राहणाऱ्या आपल्या मंडळींना ही परिस्थिती परकी वाटू नये. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून तापीच्या काठाकाठाने आपली किती कुटुंबे उधना आणि लिंबायत भागांत येऊन स्थिरावली! आजी अहिराणी बोलते, वडील मराठी वाचतात, मुले गुजराती किंवा इंग्रजी शाळेत जातात आणि रस्त्यावर हिंदी बोलतात. उपासनेत वाचलेले वचन घरातल्या चौघांच्या कानी चार तऱ्हांनी पडते.

त्या सभेचा शेवट ध्यानात ठेवा. बारावे वचन सांगते की लोक आनंद करायला गेले, आणि कारण देते की सांगितलेली वचने त्यांना समजली. मूळ भाषेच्या अभ्यासाला शास्त्रात इतके साजेसे उदाहरण क्वचितच सापडेल. एज्राला मूळ येत होते म्हणून लेव्यांना अर्थ सांगता आला आणि अर्थ कळला म्हणून लोक हर्षले. या साखळीतली मधली कडी तुटली तर एज्राची विद्या मंचावरच राहते.

2. आपल्या तोंडी असलेले इब्री

इब्री भाषा आपल्याला येत नाही असे आपण म्हणतो, पण दर रविवारी ती बोलतो. आमेन, हालेलूया, होसान्ना हे शब्द मुळात इब्री आहेत. "आमेन" हा प्रार्थना संपल्याची खूण म्हणून आपण उच्चारतो. इब्रीत ज्या धातूपासून तो आला, त्याचा अर्थ पक्के असणे, भरवशाचे असणे. विश्वास आणि सत्य या अर्थाचे इब्री शब्दही त्याच घराण्यातले आहेत. म्हणजे आमेन म्हणणे ही एका अर्थी सहीच होय. "हे पक्के आहे, यावर मी माझा भार टाकतो" असे आपण म्हणत असतो. योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू येशू बोलण्यापूर्वी "खचीत खचीत" म्हणतो, तेथे ग्रीक पाठात हाच शब्द दोनदा आहे. आपण तो प्रार्थनेच्या शेवटी म्हणतो, प्रभू बोलण्याच्या आरंभी म्हणतो. एवढे कळले तरी पुढच्या रविवारी आपले आमेन जरा सावधपणे निघेल.

मार्काने तर आपल्यापुढे कित्ताच घालून ठेवला आहे. याईराच्या मुलीचा हात धरून प्रभू जे बोलला ते अरामी शब्द, "तलीथा कूम", त्याने जसेच्या तसे लिहिले आणि लगेच त्यांचा अर्थ दिला. सातव्या अध्यायातील "इफ्फाथा" आणि वधस्तंभावरची आरोळी यांबाबतही त्याने तेच केले. मूळ शब्द जपावा, पण वाचकाला अर्थावाचून पुढे जाऊ देऊ नये, हा सुवार्तिकाचा स्वतःचा रिवाज आहे.

3. मराठी मुलखातील वडीलधारे

मूळ भाषांचा अभ्यास ही काही परदेशातून अलीकडे आलेली हौस नव्हे. कोकणातले बेने इस्राएल लोक पिढ्यान्पिढ्या घरी मराठी बोलत आले. तेलाचा व्यवसाय आणि शनिवारची विश्रांती यांमुळे गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांना डोळ्यांपुढे ठेवून मुंबईचे डॉ. जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये इब्री भाषेचे प्राथमिक व्याकरण मराठीत प्रसिद्ध केले. पुढे त्याच समाजातील जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी इब्री प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. मराठी माणसाने मराठीतून इब्री शिकावी, ही कल्पना अशी जवळजवळ दोनशे वर्षे जुनी आहे.

शास्त्राच्या मराठी भाषांतराला त्याही आधी आरंभ झाला होता. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने 1805 मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान आणि 1811 मध्ये नवा करार मराठीत छापला. आपल्या सुरतेचाही या कामी वाटा आहे. 1815 मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे जेम्स स्किनर आणि विल्यम फायवी येथे आले. त्यांनी केलेले शास्त्राचे गुजराती भाषांतर 1820 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत येथेच छापले गेले. शेजारच्या मंडळीतून गुजराती वचन ऐकू येते, त्याचे मूळ याच शहरातल्या छापखान्यात आहे.

पण आजच्या विषयासाठी सर्वांत मोठे उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. 1858 साली जन्मलेल्या रमाबाईंना 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी दुष्काळात सापडलेल्या मुली आणि विधवा स्त्रिया यांना आसरा दिला. संवत 1956 चा, म्हणजे 1899-1900 चा जो दुष्काळ गुजरातेत "छप्पनियो" म्हणून ओळखला जातो, त्या वेळी त्यांनी आपल्या या गुजरातेतूनही शेकडो मुली तिकडे नेल्या. त्यांतल्या कित्येकींची मायबोली मराठीही नव्हती.

या मुलींच्या हाती शास्त्र देताना रमाबाईंना जाणवले की प्रचलित भाषांतरातले संस्कृतप्रचुर शब्द त्यांच्या डोक्यावरून जातात. हे जाणवले कोणाला? संस्कृतात वादविवाद करणाऱ्या पंडितेला! तिला स्वतःला त्या शब्दांची काहीच अडचण नव्हती. तरी वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर तिने इब्री आणि ग्रीक पाठांवरून संपूर्ण शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे काम हाती घेतले आणि आयुष्याची अखेरची वर्षे त्यात घातली. 1921 मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली, तरी काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई प्रभूकडे गेल्या. भाषांतराचे काम तोवर उरकले होते, आणि 1924 मध्ये संपूर्ण ग्रंथ मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडला. खिळे जुळवण्यापासूनची छपाईची कामे तेथील स्त्रियाच करीत.

आपल्या मंडळ्यांत पुढेही बायबल सोसायटीचेच भाषांतर सर्वत्र वाचले जात राहिले. म्हणून रमाबाईंचे श्रम वाया गेले असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. मूळ भाषा कोणासाठी शिकायची, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी वीस-एक वर्षे राबून दिले आहे. त्या इब्रीकडे गेल्या त्या केडगावच्या अंगणातल्या, नुकतीच अक्षरे गिरवणाऱ्या मुलीपर्यंत पोहोचण्यासाठी.

4. मूळ शब्द आपल्याला काय देतो?

आता दोन-तीन उदाहरणे शास्त्र उघडून पाहू.

(अ) वारा, श्वास, आत्मा. यहेज्केलाच्या सदतिसाव्या अध्यायात वाळलेल्या हाडांचे खोरे आहे. हाडांत श्वास येतो, चार दिशांच्या वाऱ्यांना हाक जाते आणि शेवटी देव आपला आत्मा घालण्याचे अभिवचन देतो. मराठीत हे तीन निराळे शब्द झाले. इब्रीत तिन्ही ठिकाणी एकच शब्द आहे, रूआख. ऐकणाऱ्याच्या कानावर तो पुन्हापुन्हा आदळतो, जसा पावसाळ्यापूर्वी समुद्राकडून येणारा वारा दारावर थडकतो. योहान 3:8 मध्ये निकदेमाशी बोलताना प्रभू वाऱ्याचा दाखला देतो, तेथेही ग्रीकात वारा आणि आत्मा यांना एकच शब्द आहे, प्नेउमा. मराठी भाषांतर चुकलेले नाही. मराठीत या सर्वांना पुरेल असा एक शब्द रूढ नाही, एवढेच. मूळ पाहिले की तुटलेला धागा पुन्हा जोडता येतो.

(ब) सुवार्ता सांगणाऱ्या. स्तोत्र 68:11 मध्ये प्रभू आज्ञा देतो आणि वार्ता सांगणाऱ्यांचा मोठा समुदाय निघतो. 1611 च्या इंग्रजी भाषांतरात हा समुदाय पुरुषांचा की स्त्रियांचा, ते कळत नाही. इब्री शब्द मात्र स्पष्टपणे स्त्रीलिंगी अनेकवचनी आहे. रोमकरांस पत्र 16:1 मध्ये फीबीसाठी वापरलेला डिआकोनोस हा शब्द पौलाने स्वतःसाठी आणि अपुल्लोसासाठीही वापरला आहे (1 करिंथ 3:5). आपल्या महिला मंडळाच्या भगिनी घरोघर जाऊन प्रार्थना करतात, आजाऱ्यांची भेट घेतात, शब्बाथ शाळा चालवतात. हे काम शास्त्राच्या समासात टाकलेले नाही, ते मूळ पाठात लिहिलेले आहे, एवढे त्यांना कोणी उघडून दाखवले तर किती बळ येईल!

(क) पश्चात्ताप. या शब्दापाशी जरा अधिक थांबू, कारण येथे माणसाचे जीवन अडकलेले असते.

नेहमीच्या बोलण्यात पश्चात्ताप म्हणजे मनाला लागून राहणे, हळहळ होणे, रडू येणे. आमच्या भागातील एका प्रार्थनासभेत लूमवर बारा तासांची पाळी करणाऱ्या एका बंधूने विचारले, "मला रडू येत नाही. इतर जण साक्ष देताना रडतात. मग माझा पश्चात्ताप खरा नाही का?" हा माणूस काही वर्षे बायकामुलांना सोडून दूर राहिला होता आणि आता परत येऊन संसार सांभाळीत होता. प्रश्न विचारताना त्याची मान खाली होती.

त्याच्यासाठी आपण शब्द पाहू. संदेष्टे लोकांना हाक मारतात तेव्हा ते जे इब्री क्रियापद वापरतात ते शूव, आणि त्याचा साधा अर्थ परत फिरणे. शेतातून घरी येणे, वाट चुकल्यावर मागे वळणे, यांसाठीही तेच क्रियापद येते. नव्या करारातील नेहमीचा ग्रीक शब्द मेटानोइआ, म्हणजे मनाचा पालट. प्रेषितांची कृत्ये 3:19 मध्ये पेत्र मन पालटणे आणि वळणे या दोन्ही क्रिया एकापुढे एक ठेवतो. अश्रू येतील किंवा येणार नाहीत. शब्दाचा भर पावले कोणत्या दिशेला आहेत यावर आहे.

येथे एखादा उत्साही उपदेशक पुढे जाऊन म्हणेल, "पाहा, मत्तय 27:3 मध्ये यहूदा इस्कर्योत याच्यासाठी निराळे ग्रीक क्रियापद आहे, मेटामेलोमाई. म्हणून ते क्रियापद खोट्या पश्चात्तापाचे आणि मेटानोइआ खऱ्या पश्चात्तापाचे." ऐकायला सुरेख वाटते. पण तोच मत्तय 21:29 मध्ये दोन पुत्रांच्या दाखल्यात तेच क्रियापद वापरतो. बापाला आधी नाही म्हणून मग पस्तावून मळ्यात गेलेल्या पुत्रासाठी! एकच शब्द, दोन माणसे. एकाला हळहळ वाटली आणि तो मळ्यात गेला. दुसऱ्याला हळहळ वाटली आणि तो गळफासाकडे गेला, ज्याला धरून दिले त्याच्याकडे वळला नाही. फरक शब्दात नव्हता, पावलांत होता. उधळ्या पुत्राच्या गोष्टीत तर पश्चात्ताप हा शब्दच येत नाही, तो पुत्र उठून बापाकडे जायला निघतो, एवढेच येते.

आता त्या बंधूचा प्रश्न पुन्हा वाचा. जो घरी परत आला, त्याला अश्रूंचा दाखला मागायचा का? त्या संध्याकाळी त्याला एवढेच सांगितले की संदेष्ट्यांच्या भाषेत परत फिरण्याला जो शब्द आहे, तो तू तुझ्या पायांनी बोलला आहेस. आता तसाच देवाकडेही ये. मूळ भाषेचा उपयोग तो हाच. त्याने भाषांतर मोडीत निघत नाही, पण रूढीने शब्दावर चढलेली पुटे निघतात.

5. मराठी कोठे सरस, मूळ कोठे गप्प

मूळ भाषेकडे जाताना आपली मायबोली कमी लेखू नये. काही ठिकाणी ती इंग्रजीपेक्षा मुळाला अधिक जवळ आहे. लूक 22:31-32 पाहा. प्रभू शिमोनाला सांगतो की सैतानाने तुम्हां सर्वांना चाळण्यासाठी मागितले, पण मी तुझ्यासाठी विनंती केली. ग्रीकात पहिले सर्वनाम अनेकवचनी आहे, दुसरे एकवचनी. आजच्या इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द असल्याने हा भेद पुसला जातो. मराठीत तो सहज उमटतो. संकट सर्वांवर, पण जो सर्वांत आधी कोसळणार त्याच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना. इंग्रजी टीकाग्रंथ वाचून ज्या भेदावर तळटीप शोधावी लागते, तो आपल्या आजीला वाचताक्षणी दिसतो.

उलट काही ठिकाणी मराठी इतकी बारकाईने बोलते की मूळही तिला उत्तर देत नाही. मार्क 4:38 मध्ये वादळात शिष्य प्रभूला उठवून म्हणतात की आपला नाश होत आहे. ग्रीकात एकच क्रियापद आहे, प्रथमपुरुषी अनेकवचन. मराठीला मात्र निवड करावी लागते, "आम्ही" की "आपण"? गुजरातीतही "अमे" आणि "आपणे" असा हाच भेद आहे. "आम्ही मरत आहोत" म्हटले तर त्यात तक्रार आहे, जणू प्रभू निजला आहे आणि त्याला झळ नाही. "आपण मरत आहोत" म्हटले तर प्रभूही त्याच नावेत बसलेला आहे. ग्रीक व्याकरण याचा निकाल देत नाही. भाषांतरकार प्रसंग पाहून ठरवतो. तेव्हा "मुळात पाहिले की सगळे वाद मिटतात" असे समजू नये. मुळाकडे गेलेला माणूस कित्येकदा एक प्रश्न अधिक घेऊन परततो, आणि तेही बरे आहे. त्या नावेत प्रभू होता, हे मात्र दोन्ही वाचनांत खरे आहे.

आणखी एक गोष्ट. मूळ पाठ म्हणजे यशयाच्या किंवा पौलाच्या हातचा कागद नव्हे. आपल्याजवळ नकला आहेत, त्यांच्या नकला आहेत. इब्री मुळात केवळ व्यंजनांनी लिहीत. आपल्या आजोबांच्या मोडी कागदांत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसे आणि शब्द सलग लिहिलेले असत. सुरतेच्या जुन्या पेढ्यांच्या चोपड्यांत काना-मात्रा नसलेली बोडिया अक्षरे असत. सरावलेला मुनीम ती अचूक वाची, नवखा अडखळे. इब्री पाठाचेही तसेच होते, म्हणून इसवी सनाच्या साधारण सातव्या ते दहाव्या शतकांत यहूदी विद्वानांनी परंपरेने चालत आलेला उच्चार जपण्यासाठी स्वरचिन्हे घातली. 1947 पासून मृत समुद्राजवळच्या गुहांत गुंडाळ्या सापडू लागल्या. त्यांतील यशयाची संपूर्ण गुंडाळी तोवर हाती असलेल्या इब्री हस्तलिखितांहून सुमारे हजार वर्षांनी जुनी निघाली. लहानमोठे पाठभेद दिसले, तरी नकलाकारांनी किती निष्ठेने वचन सांभाळले हेही दिसले. ज्यांनी डोळे शिणवून ही अक्षरे आपल्यापर्यंत आणली, त्यांच्यापुढे पांडित्य मिरवण्याची लाज वाटावी.

6. सावध राहण्याच्या जागा

मूळ भाषेच्या नावाखाली दोन दोष सहज शिरतात.

पहिला दोष, शब्दाची फोड म्हणजेच त्याचा अर्थ असे मानणे. पंकज म्हणजे चिखलात जन्मलेले, पण पंकज नावाच्या मुलाला हाक मारताना चिखल कोणाच्या मनात येत नाही. ग्रीक "डुनामिस" या शब्दावरून डायनामाइट हे नाव निघाले, म्हणून पौलाला सुवार्तेत स्फोटक दिसत होते असे सांगतात. डायनामाइटचे पेटंट आल्फ्रेड नोबेल यांनी 1867 मध्ये घेतले. पौलाच्या मनात ते कोठून येणार? शब्दाचा अर्थ तो लेखक आणि त्याच्या काळचे लोक तो कसा वापरीत, यावरून ठरवावा.

दुसरा दोष, एका शब्दावर मोठी माडी बांधणे. योहानाच्या एकविसाव्या अध्यायातील दोन प्रीतिवाचक क्रियापदांवर आपण पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत. आगापाओ म्हणजे दैवी प्रीती, फिलेओ म्हणजे नुसती मैत्री. पण पिता पुत्रावर प्रीती करतो हे सांगताना योहान 3:35 मध्ये एक क्रियापद वापरतो आणि 5:20 मध्ये दुसरे. शिवाय जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात, 2 शमुवेल 13 मध्ये, अम्नोनाच्या पापी वासनेलाही आगापाओ हेच क्रियापद आहे. प्रभूने पेत्राला तीनदा विचारले आणि तीनदा कळपाची जबाबदारी दिली, हा त्या उताऱ्याचा गाभा सर्वांना मराठीतूनच कळतो.

म्हणून एक नियम पाळावा. "मूळ भाषेत असे आहे" म्हणायचे असेल, तर तो शब्द कोणता, आणि तो शास्त्रात आणखी कोठे आला आहे, हे सांगता आले पाहिजे. सांगता येत नसेल तर ते वाक्य बोलू नये. आणि ऐकणाऱ्यानेही प्रेमाने विचारावे, "बंधू, आणखी कोठे?" बिरुयातील लोकांनी पौलाचे बोलणेही शास्त्राशी ताडून पाहिले आणि त्याबद्दल त्यांची वाखाणणीच झाली (प्रेषित 17:11).

7. आपल्या घरातला अभ्यास

पूर्ण व्याकरण शिकणे सर्वांना जमणार नाही. पण पुढील पायऱ्या कोणालाही चढता येतील.

एक. घरात ज्या भाषा आहेत त्यांचा उपयोग करा. एकाने मराठी, एकाने गुजराती, एकाने हिंदी, शाळकरी मुलाने इंग्रजी पवित्र शास्त्र उघडावे आणि तेच वचन आळीपाळीने वाचावे. जेथे चारही एकमताने बोलतात तेथे अर्थ बहुधा सरळ असतो. जेथे फाटे फुटतात तेथे मुळात गाठ आहे असे समजावे आणि खूण करून ठेवावी. सुरतेतल्या आपल्या घरांना ही देणगी सहज मिळाली आहे.

दोन. समासातील टीपा व तळटिपा वाचा. भाषांतरकारांनी आपली अडचण तेथे प्रामाणिकपणे सांगितलेली असते.

तीन. शब्दसूची वापरायला शिका. जेम्स स्ट्राँग यांनी 1890 मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचीत प्रत्येक इब्री व ग्रीक शब्दाला अंक दिला आहे. मूळ अक्षरे न येणारालाही त्या अंकावरून शब्द आणखी कोठे आला ते शोधता येते. आज हे साहित्य मोबाइलवरही मिळते, तरुणांनी ते वडिलांना उघडून द्यावे. मात्र सूचीतला अर्थ वाचून थांबू नये, शब्द जेथे जेथे आला ती वचने वाचावीत.

चार. ज्यांना उपदेशाची सेवा आहे त्यांनी अक्षरे तरी शिकावीत. ग्रीकात 24 अक्षरे आहेत, इब्रीत 22. ज्यांनी देवनागरी आणि गुजराती अशा दोन लिप्या आत्मसात केल्या, त्यांना तिसरीचे भय नको. रोज अर्धा तास दिला तर योहानाच्या पहिल्या पत्रातील सोपी वाक्ये लावता येण्याचा दिवस दूर नाही.

पाच. जे सापडेल ते सोप्या मराठीत एका वाक्यात लिहून काढा. लिहिता येत नसेल तर अजून समजले नाही असे जाणा. व्यासपीठावर ग्रीक शब्द नेण्यापेक्षा हे वाक्य न्यावे.

नहेम्याच्या सभेत लोकांना आणखी एक आज्ञा झाली होती. गोडधोड खा, आणि ज्यांच्यासाठी काही सिद्ध केलेले नाही त्यांना वाटे पाठवा. वचनाच्या अर्थालाही हेच लागू आहे. ज्याला इब्री कळते त्याने अर्थाचा वाटा ज्याला केवळ मराठी कळते त्याला द्यावा. ज्याला मराठी वाचता येते त्याने तो ज्याला वाचताच येत नाही त्याला द्यावा. पाणीवेशीपासून केडगावपर्यंत हा वाटा असाच हातोहात आला आहे, आणि आज तो आपल्या हाती आहे. प्रभू आपणांस तो पुढे देण्याची बुद्धी देवो. आमेन.

चर्चेसाठी प्रश्न

1. नहेम्या 8 मध्ये एज्राचे काम आणि लेव्यांचे काम यांत काय फरक आहे? आपल्या मंडळीत लेव्यांचे काम कोण करते?
2. मत्तय 21:29 आणि 27:3 शेजारी ठेवून वाचा. दोन्ही माणसांना पस्तावा झाला. त्यांच्या वाटा कोठे निराळ्या झाल्या?
3. मार्क 4:38 मध्ये तुम्ही भाषांतरकार असता तर "आम्ही" लिहिले असते की "आपण"? का?
4. आपल्या प्रार्थनेत असे कोणते शब्द आहेत की जे आपण म्हणतो, पण घरातल्या लहान मुलाला समजावून सांगू शकत नाही? या आठवड्यात त्यांतला एक शब्द निवडून त्याचा शोध घ्या.